तोंडातले न भरणारे व्रण आणि अंगावरचे पाण्याचे फोड

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी देतो, म्हणजे इतर वाचकांनाही पुढचे उत्तर नीट समजेल. आपल्या आईंचे वय ५२ आहे. गेल्या पाच महिन्यांपासून त्यांचे तोंड सतत आलेले असते. उष्णता समजून सब्जा आणि गुलकंद झाले, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, दातांच्या डॉक्टरांनी दिलेले मलम झाले, पण व्रण भरत नाहीत. दोन महिन्यांपासून छाती, पाठ आणि डोक्यावर पाण्याचे फोड येऊ लागले आहेत. ते लगेच फुटतात आणि मागे लालभडक, ओल्या जखमा राहतात. शेजारच्यांनी नागीण म्हणून गेरू लावला. गावातील डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनाने आठवडाभर आराम पडला आणि नंतर फोड पुन्हा, पूर्वीपेक्षा जास्त आले. आईंना मधुमेहाची गोळी चालू आहे. हा कोणता आजार आहे, तो नातवंडांना लागेल का आणि स्टेरॉइड आयुष्यभर घ्यावे लागेल का, असे आपण विचारता.

रुग्णाला न पाहता निदान करता येत नाही. तरीही आपण सांगितलेला क्रम, म्हणजे आधी अनेक महिने तोंडातले व्रण आणि मग अंगावर सहज फुटणारे फोड, इतका ठळक आहे की कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या मनात पहिले नाव पेम्फिगस व्हल्गारिसचे येईल. हा संसर्गजन्य आजार नाही. तो गंभीर आहे, पण आज त्यावर चांगले उपचार उपलब्ध आहेत. मात्र पुढचे इंजेक्शन घेण्याआधी बायोप्सी, म्हणजे त्वचेचा लहानसा तुकडा काढून केलेली तपासणी, होणे आवश्यक आहे. आपल्या पत्राला एवढेच उत्तर द्यायचे असते, तरी मी हे शेवटचे वाक्यच लिहिले असते.

फोड म्हणजे त्वचेच्या दोन थरांमध्ये फट पडून तेथे द्रव साचणे. भाकरी भाजताना पापुद्रा सुटतो तसाच हा प्रकार आहे, आणि पापुद्रा वरच्या बाजूने पातळ सुटला की खालून जाड, यावर फोडाचे सगळे रूप ठरते. त्वचेचा बाह्य थर शरीराच्या बहुतेक भागांवर साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यातील पेशी एकमेकींना प्रथिनांच्या बारीक जोडांनी घट्ट धरून ठेवतात आणि सर्वांत खालची रांग वेगळ्या प्रकारच्या जोडांनी खालच्या आंतरत्वचेला बांधलेली असते. पेशीपेशींमधले जोड तुटले, तर फोडाचे छत बाह्य थराच्या आतच तयार होते. ते पातळ, ढिले असते आणि कपडा घासला तरी फाटते. संपूर्ण बाह्य थरच खालच्या आंतरत्वचेपासून सुटला, तर छत जाड राहते आणि फोड टरटरीत फुगून अनेक दिवस टिकतो. फोड येणाऱ्या आजारांची नावे लांबलचक आहेत आणि रुग्णांना ती पाठ करण्याची गरज नाही, पण फोड ढिला आहे की टरटरीत, ही एक गोष्ट घरातील कोणालाही पाहता येते आणि डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो.

तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे तोंड. अंगावर फोड असलेल्या रुग्णाने तोंड उघडून दाखवलेच पाहिजे, आणि डॉक्टरांनी स्वतःहून पाहिले नाही तर तसे सांगितले पाहिजे. गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू आणि घसा येथे व्रण आहेत का, गिळताना दुखते का, आवाज घोगरा झाला आहे का, नाकातून रक्ताळलेल्या खपल्या निघतात का, जननेंद्रियांवर जखमा आहेत का, या प्रश्नांची उत्तरे निदानाची दिशा ठरवतात. शेवटचा प्रश्न आपल्याकडील स्त्रिया मुलालाच काय, पण डॉक्टरांनाही चटकन सांगत नाहीत. तो बहिणीने किंवा सुनेने विचारावा.

आता पेम्फिगसविषयी सविस्तर. आपली रोगप्रतिकारशक्ती जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते. या आजारात ती चुकून स्वतःच्याच त्वचेतील डेस्मोग्लेइन नावाच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते, आणि ही प्रथिने म्हणजे पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे जोडच असतात. त्यांपैकी डेस्मोग्लेइन ३ हे तोंडाच्या आतील अस्तरात भरपूर असते, तर डेस्मोग्लेइन १ हे अंगावरच्या त्वचेत, विशेषतः तिच्या वरच्या भागात, अधिक असते. सुरुवातीला बहुधा फक्त डेस्मोग्लेइन ३ विरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्या काळात अंगावरची त्वचा डेस्मोग्लेइन १ च्या आधारावर टिकून राहते, पण तोंडाच्या अस्तराला तो आधार पुरेसा नसल्याने तेथे व्रण पडत राहतात. पुढे डेस्मोग्लेइन १ विरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली की अंगावर फोड येऊ लागतात. आईंच्या बाबतीत तोंड आणि अंग यांच्यामध्ये जे तीन महिन्यांचे अंतर पडले, त्याचे स्पष्टीकरण बहुधा हेच आहे. ते दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराचे दोन टप्पे असावेत.

तोंडात फोड क्वचितच दिसतो, कारण छत इतके नाजूक असते की पहिल्या घासालाच ते निघून जाते. दिसतो तो फक्त वेड्यावाकड्या कडांचा, उघडा, झोंबणारा व्रण. म्हणूनच हे रुग्ण आधी दंतवैद्याकडे, नंतर पोटाच्या डॉक्टरांकडे, मग जीवनसत्त्वांच्या गोळ्यांकडे असे फिरत राहतात. नेहमीचे तोंड येणे वेगळे असते. त्यात लहान, गोल, पिवळसर पांढऱ्या तळाचे, एक किंवा दोन व्रण येतात आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरतात. दोन-तीन आठवडे उलटूनही न भरणारा तोंडातला कोणताही व्रण तपासून घेतलाच पाहिजे. तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर कर्करोगाच्या शक्यतेमुळे हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो.

अंगावरच्या फोडांचीही काही ओळख आहे. ते निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर अचानक उठतात, त्यांना फारशी खाज नसते, पण फुटल्यावर आग होते. जखमा सावकाश पसरत जातात, आणि भरल्यावर वण राहत नाही, काळसर डाग मात्र बराच काळ राहतो. फोडाशेजारची वरून चांगली दिसणारी त्वचा बोटाने दाबून सरकवली तर ती सोलली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन त्वचारोगतज्ज्ञ निकोल्स्की यांनी या खुणेचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही खूण घरी तपासून पाहू नये. एक नवी जखम तयार होण्यापलीकडे घरच्यांना त्यातून काही मिळत नाही. भारतात स्वप्रतिकारातून फोड येणाऱ्या आजारांमध्ये पेम्फिगस व्हल्गारिसच सर्वाधिक आढळतो आणि आपल्याकडील रुग्ण बरेचदा तिशी ते पन्नाशीतले, म्हणजे घर चालवण्याच्या वयातले असतात.

युरोपात चित्र वेगळे आहे. तेथे बुलस पेम्फिगॉइड हा आजार अधिक दिसतो आणि तो प्रामुख्याने सत्तरीच्या पुढे होतो. १९५३ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या दोन आजारांतला फरक दाखवून दिला. तोपर्यंत सगळे मोठे फोड पेम्फिगसच्याच खात्यात जमा होत असत. पेम्फिगॉइडमध्ये प्रतिपिंडे बाह्य थराला आंतरत्वचेशी बांधणाऱ्या जोडांवर हल्ला करतात, त्यामुळे फोड टरटरीत आणि टिकाऊ असतात. त्यांच्या आधी कित्येक आठवडे, कधी महिने, भयंकर खाज आणि पित्तासारखे लाल चट्टे असतात. तोंड बहुधा वाचते. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये हा आजार तुलनेने जास्त दिसतो.

पेम्फिगॉइडचा उल्लेख येथे मुद्दाम केला, कारण आईंना मधुमेहाची गोळी चालू आहे. ग्लिप्टिन या गटातील औषधे, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिन, घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये बुलस पेम्फिगॉइड उद्भवतो, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. ही गोळी आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर दिली जाते, बहुतेकांना तिचा काहीही त्रास होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांना कधी गोळी सुरू केल्यानंतर अनेक महिन्यांनी होतो. त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्याही मनात हा संबंध येत नाही. आईंचे वर्णन पेम्फिगॉइडशी जुळत नाही, तरीही गोळीच्या पाकिटावरचे नाव त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये. ती बदलायची असेल तर मधुमेहाचे डॉक्टर पर्यायी औषध देतील.

आता नागिणीविषयी. आपल्या भागात अंगावर कोठेही फोड उठले की पहिले नाव नागिणीचे निघते. नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा उद्रेक असतो. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून नागिणीचे फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, लहान लहान पुंजक्यांत येतात, आणि आधी दोन-चार दिवस तेथे ठणका असतो. दोन्ही बाजूंना, छाती, पाठ आणि डोके अशा ठिकठिकाणी, दोन महिने येत राहणारे फोड म्हणजे नागीण नव्हे. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. मज्जातंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो, त्यामुळे सहसा वेढा पूर्ण होतच नाही. खऱ्या नागिणीत गेरू लावण्यात आणि उतरवून घेण्यात जे दोन-तीन दिवस जातात, तेच उपचाराचे खरे दिवस असतात. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक फायदा होतो. उघड्या जखमेवर लावलेला गेरू तर जंतुसंसर्गाला आमंत्रण देतो आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना खालची त्वचाही दिसू देत नाही. आईंच्या जखमांवर तो अजून असेल, तर स्वच्छ कोमट पाण्याने भिजवून, न घासता काढावा.

फोडांची इतरही अनेक कारणे आहेत आणि त्यांतील बहुतेक साधी असतात. सांधेदुखीवर बिब्बा लावल्यानंतर तो उतला, की जेथे लागला तेथे आणि तेल ओघळले त्या रेषेत फोड येतात. लसूण वाटून रात्रभर बांधून ठेवल्यानेही असेच भाजल्यासारखे फोड येतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा काळ्या-केशरी रंगाचा एक लहान किडा अंगावर चिरडला गेला, तर दुसऱ्या दिवशी त्या जागी जळल्यासारखा लांबट पट्टा आणि त्यावर बारीक फोड उठतात. हा किडा चावत नाही, त्याच्या अंगातला द्रव त्वचेला भाजतो, म्हणून तो अंगावर दिसला तर न मारता फुंकरीने उडवावा. लहान मुलांच्या नाकाभोवती, काखेत किंवा जांघेत येणारे, पिवळसर पाण्याचे आणि फुटून मधाच्या रंगाची खपली धरणारे फोड जंतूंमुळे असतात, ते एका मुलापासून दुसऱ्याला लागतात आणि प्रतिजैविकांनी लवकर बरे होतात. या मुलांच्या फोडांत एक विलक्षण गोष्ट आहे. त्यांना कारण असलेला स्टॅफिलोकोकस जंतू जे विष सोडतो, ते डेस्मोग्लेइन १ हेच प्रथिन कापते. म्हणजे पेम्फिगसमध्ये शरीर स्वतःच्या ज्या जोडांवर उलटते, त्यांतलाच एक जोड हा जंतू तोडतो. म्हणूनच वरवर सारखे दिसणारे दोन फोड अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतात आणि केवळ मोबाइलवरील छायाचित्र पाहून औषध सांगणे धोक्याचे ठरते. जन्मतःच किंवा पहिल्या काही महिन्यांत, जरासे घासले तरी फोड येणाऱ्या बाळांचा आजार बहुधा आनुवंशिक असतो. तो विषय स्वतंत्र आहे.

एका कारणाविषयी मात्र थांबून सांगणे भाग आहे, कारण तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. नवीन औषध सुरू केल्यानंतर साधारण चार दिवस ते चार आठवड्यांच्या काळात ताप आला, डोळे लाल झाले, ओठांवर आणि तोंडात व्रण पडले आणि अंगावर दुखणारे काळपट लाल चट्टे येऊन त्यांवरची कातडी सुटू लागली, तर ती औषधाची तीव्र प्रतिक्रिया समजावी. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिन ही फिट्सची औषधे, युरिक अॅसिडसाठीचे अॅलोप्युरिनॉल, सल्फा गटातील प्रतिजैविके आणि काही वेदनाशामके ही त्याची नेहमीची कारणे आहेत. शरीराच्या पृष्ठभागाच्या ३० टक्क्यांहून अधिक त्वचा सुटली, तर मृत्यूचा धोका साधारण तीनात एक इतका वाढतो. अशा रुग्णाचे संशयित औषध तत्काळ थांबवून त्याला अतिदक्षता आणि नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. फिट्सच्या औषधाची जागा कशाने भरायची, ते तेथील डॉक्टर ठरवतील. आईंचा आजार पाच महिन्यांचा आणि सावकाश वाढणारा असल्यामुळे त्यांच्याबाबत ही शक्यता फार कमी वाटते.

आता तपासण्या. सर्वांत स्वस्त आणि जलद तपासणी म्हणजे ताज्या फोडाचे छत बाजूला करून तळ हलकेच खरवडणे आणि ते द्रव्य काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. पेम्फिगसमध्ये एकमेकींपासून सुटलेल्या गोल पेशी दिसतात, तर नागिणीत अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी दिसतात. यावरून दिशा कळते, पण निदान पक्के होण्यासाठी बायोप्सी लागते, आणि तीही दोन तुकड्यांची. पहिला तुकडा शक्यतो एक दिवसाच्या आतल्या, न फुटलेल्या लहान फोडाचा घेऊन फॉर्मेलिनमध्ये पाठवतात. दुसरा तुकडा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा असतो. त्यावर इम्युनोफ्लुओरेसन्स ही तपासणी होते, ज्यात त्वचेला चिकटलेली प्रतिपिंडे चमकताना दिसतात. हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला की वाया जातो. त्यासाठी वेगळा द्रव लागतो, आणि तो नसल्यास व नमुना लगेच पोहोचणार असल्यास सलाइन चालते. लहान गावांत बायोप्सी होते, पण दोन्ही तुकडे एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत जातात आणि रुग्णाला पुन्हा टाके घ्यावे लागतात, असे आजही घडते. म्हणून बायोप्सीच्या आधी, दुसरा नमुना कशात पाठवणार, हे विचारायला अजिबात संकोच करू नये. याखेरीज रक्तातील डेस्मोग्लेइनविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण एलायझा चाचणीने मोजता येते आणि पुढे उपचारांचा परिणाम पाहण्यासही त्याचा उपयोग होतो.

उपचारांकडे वळताना थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण आपल्या मनातली स्टेरॉइडची भीती त्याशिवाय योग्य प्रमाणात बसणार नाही. १९५० च्या दशकात स्टेरॉइड उपलब्ध होण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. उघड्या जखमांतून शरीरातील पाणी आणि प्रथिने निघून जात, जंतुसंसर्ग होई आणि तोंडाच्या व्रणांमुळे अन्नही जाईनासे होई. स्टेरॉइडने हे चित्र पालटले, पण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिलेल्या गोळ्यांचे दुष्परिणामही प्राणघातक ठरू लागले. या कोंडीतून वाट काढण्याच्या प्रयत्नांत भारताचा वाटा मोठा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध यांची ठरावीक अंतराने द्यायची उपचारपद्धती रूढ केली. तीन सलग दिवस रोज १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेवाटे, त्यांपैकी एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, हाच क्रम दर २८ दिवसांनी, आणि मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची लहान रोजची गोळी, असे तिचे स्वरूप आहे. सायक्लोफॉस्फामाइडमुळे प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ज्यांना पुढे अपत्य हवे आहे अशा तरुण रुग्णांत त्याऐवजी अॅझाथायोप्रिन वापरले जाते. देशभरातील हजारो रुग्ण या पद्धतीने बरे झाले आहेत आणि अनेक सरकारी रुग्णालयांत ती अजूनही वापरली जाते.

अलीकडे पहिली पसंती मात्र रिटक्सिमॅब या औषधाकडे वळली आहे. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या पूर्वज असलेल्या बी पेशींना ते काही महिन्यांसाठी नाहीसे करते. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रिटक्सिमॅबसोबत थोड्या काळासाठी स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी कोणत्याही औषधाविना आजारमुक्त होते. केवळ स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने या आजारासाठी त्याला मान्यता दिली. बहुधा एक ग्रॅमचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने सलाइनमधून देतात, आणि गरजेनुसार पुढेही देतात. भारतात या औषधाच्या जैवसमरूप, म्हणजे मूळ औषधासारख्याच, आवृत्त्या तयार होत असल्याने ते पूर्वीइतके आवाक्याबाहेर राहिलेले नाही. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि क्षयरोग यांच्या तपासण्या केल्याच पाहिजेत. सुप्त हिपॅटायटिस बी या औषधानंतर उफाळून यकृत निकामी करू शकतो, म्हणून घाई असली तरी ही तपासणी टाळू देऊ नये.

यावरून आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. स्टेरॉइड आयुष्यभर घ्यावे लागेलच असे नाही. सुरुवातीला बहुधा वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतात, आणि नवे फोड थांबून जुन्या जखमा भरू लागल्या की मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. उपचारांचा पूर्ण काळ महिन्यांचा नव्हे, वर्षांचा असतो, आणि आजार काही रुग्णांत परत येतो, हे आधीच माहीत असलेले बरे. अंगावरचे फोड आधी बसतात, तोंडातले व्रण सर्वांत शेवटी भरतात. तोपर्यंत रुग्णाचा धीर सुटतो आणि नेमक्या याच टप्प्यावर कोणीतरी सुचवलेले, मुळापासून बरे करणारे चूर्ण घरात येते. अशा काही चूर्णांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेले असते, म्हणून त्याने सुरुवातीला गुणही येतो.

गावातील इंजेक्शनाने आठवडाभर आराम पडला, यावरून ते स्टेरॉइडच असावे असे मला वाटते. त्याचे दोन तोटे झाले. आजार दबला आणि पुन्हा उसळला, आणि मधल्या काळात रक्तातील साखर किती वाढली हे कोणी पाहिले नसावे. मधुमेही रुग्णाला स्टेरॉइड देताच येत नाही असे नाही. ते देताना साखर रोज मोजावी लागते आणि अनेकदा काही काळ इन्सुलिन घ्यावे लागते, एवढेच. रक्तदाब, डोळ्यांतील दाब आणि मोतीबिंदू, हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, छातीचा एक्स-रे, या गोष्टी सुरुवातीपासूनच पाहिल्या जातात. आणि काही आठवडे घेतलेले स्टेरॉइड एका दिवसात बंद करायचे नसते. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे थांबवलेले असते, त्यामुळे अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. दुष्परिणामांच्या भीतीने गोळ्या परस्पर सोडणारा रुग्ण त्या भीतीपेक्षा मोठे संकट ओढवून घेतो.

घरी काय करावे, हेही सांगतो. मोठा, ताणलेला फोड निर्जंतुक सुईने बाजूला टोचून पाणी काढता येते, पण छत कापून टाकू नये, कारण त्याच्याइतके चांगले आवरण बाजारात मिळत नाही. ओल्या जखमांवर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याच्या घड्या दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात. त्याचे न विरघळलेले खडे त्वचेला लागू देऊ नयेत. नंतर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. चिकटपट्टी थेट त्वचेवर लावू नये, ती काढताना कातडी निघते. अंगाखाली चिकटणार नाही असे केळीचे पान घालण्याची पद्धत आपल्या देशातील अनेक त्वचारोग विभागांत वापरली जाते आणि ती खरोखर उपयोगी आहे. घरी ती करायची झाल्यास कोवळे पान धुऊन, वाफवून, गार करून घ्यावे आणि रोज बदलावे. हळद, राख, लिंबू, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. तोंडासाठी मऊ दातघासणी, जेवणानंतर मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि जेवण मऊभात, मुगाचे वरण, दही, मऊ उकडलेले अंडे असे बेताच्या तिखटाचे असावे. जखमांतून प्रथिने जात असल्यामुळे पथ्याच्या नावाखाली डाळ, दूध, अंडी बंद करणे अगदी चुकीचे ठरेल. ताप, थंडी, जखमांतून पू किंवा दुर्गंधी, पाणीही गिळता न येणे, डोळे लाल होऊन दुखणे, किंवा फोड झपाट्याने वाढत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

नातवंडांना दूर ठेवण्याची गरज नाही. पेम्फिगस स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, कपड्यांतून किंवा अंथरुणातून पसरत नाही. उलट उपचार सुरू झाल्यावर काळजी दुसऱ्या दिशेने घ्यावी लागेल. आईंची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी होणार असल्याने घरात कोणाला कांजिण्या, फ्लू किंवा क्षयरोग असेल तर त्याने आईंपासून दूर राहावे. आईंना कोणतीही लस देण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे, कारण या काळात जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत. आजार आईकडून मुलांकडे थेट जात नाही. काही जनुकीय गुणांमुळे प्रवृत्ती असू शकते, पण एकाच घरात दोन रुग्ण सापडणे फार दुर्मीळ आहे.

या आठवड्यात जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात आईंना घेऊन जावे. दारावर त्वचा व गुप्तरोग विभाग अशी पाटी असेल. ती वाचून मागे फिरणारे लोक मी पाहिले आहेत, आपण फिरू नये. सोबत मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे, त्या कधीपासून चालू आहेत याची नोंद, दिलेल्या इंजेक्शनाची चिठ्ठी किंवा किमान नाव, आणि फोड ताजे असतानाची छायाचित्रे न्यावीत. त्या सकाळी जखमांवर कोणतेही रंगीत औषध लावू नये. निदान पक्के झाल्यावर आपल्या उपचारांपैकी कोणते शासकीय आरोग्य योजनेत बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारावे. त्याआधी गावातील डॉक्टरांनी पुन्हा तेच इंजेक्शन सुचवले, तर बायोप्सीपर्यंत थांबतो असे त्यांना नम्रपणे सांगावे. मात्र त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्याही काही आठवडे चालू ठेवल्या असतील, तर त्या स्वतःहून न थांबवता तशाच सोबत घेऊन जाव्यात आणि पुढचा निर्णय तेथील डॉक्टरांवर सोपवावा.